मुक्काम किती?

॥ श्री ॥

कलकत्ता,
ता. ६ जानेवारी १९५२

तीर्थरूप अक्कास, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

काल सकाळी हावड्याला सुखरूप उतरलो. गाडीत थंडी होती, पण तू दिलेली घोंगडी पुरली. दशम्या अजून शिल्लक आहेत. संक्रांतीसाठी दिलेला तिळगुळाचा डबाही शाबूत आहे.

जावई स्टेशनावर आले होते. वाकून नमस्कार केला आणि उठता उठता श्यामकांतरावांचं पहिलं वाक्य काय, तर "नाना, मुक्काम किती दिवसांचा?" प्रवास कसा झाला, अक्का कशा आहेत, काही नाही. मी म्हटलं, तीन दिवस. ते ऐकून त्यांना हायसं वाटलं. सासऱ्याच्या लक्षात ते येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

हाजरा रस्त्याजवळ आपल्या मराठी मंडळींनी उतारूंसाठी जागा ठेवली आहे, तिथे राहिलो आहे. जेवणही तिथेच. निघताना तू देवासमोर वदवून घेतलंस ते विसरलेलो नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न नाही, पाणी नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढी वर्षं पाळलं. आता तीन दिवसांसाठी मोडत नाही. वृंदाकडे खिदिरपूरला ट्रॅमने जाऊन आलो. पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही.

ज्या कामासाठी मला पाठवलंस, त्याबद्दल कार्डावर लिहीत नाही. वर्ध्याचा आपला पोस्टमन कार्ड वाचून मगच देतो. एवढंच सांगतो, की वृंदाने मला एकदाही "नाना, घोटभर चहा तरी घ्या" म्हटलं नाही. मी नाही म्हणणार हे तिला ठाऊक आहे, पण म्हणून आग्रहच करायचा नाही, अशी मुलगी मी पाहिलेली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवारच्या गाडीने निघतो.

तुझा,
दिगंबर


॥ श्री ॥

कलकत्ता,
ता. ९ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

मंगळवार गेला आणि मी इथेच आहे, यावरून तू काय ते ओळखलं असशील. आज पाकीट आणलं आहे, तेव्हा मोकळेपणी लिहितो.

शेजारच्या जयप्रकाशने तुला जे सांगितलं, ते खरं असावं असं मला वाटू लागलं आहे. तो इथे परीक्षेला आला तेव्हा त्याने आपल्या जावयाला ट्रॅममध्ये पाहिलं, खांद्यावर लहान मूल आणि शेजारी बंगाली बाई. मी त्या वेळी म्हटलं होतं, की पोराची नजर चुकली असेल. तू म्हणाली होतीस, दोन वर्षं वृंदा माहेरी का आली नाही त्याचं उत्तर हेच. तुझ्याशी मी तेव्हा भांडलो. आता भांडत नाही.

त्यांच्या घराच्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीला कडी. "सामान आहे, नाना," असं वृंदा म्हणते. मी जकात नाक्यावर जन्म घालवला. "काही नाही, साहेब, सामान आहे" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की ते कानावर पडलं की हात आपोआप गाठोड्याकडे जातो. परवा मी गॅलरीत गेलो तर दोरीवर एक तांबडं झबलं वाळत होतं. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच ते नाहीसं झालं. खाटेखाली लाकडी पोपट दिसला, त्याची चोच चावून चावून झिजलेली. सकाळी गवळी चरवी ओततो ती दोन माणसांना कशाला लागते? आणि ते दूध दुपारपर्यंत संपतं कसं?

आता त्या बाईविषयी. वरच्या मजल्यावर मजुमदार म्हणून कुटुंब आहे. मजुमदारबाई दिवसातून दहादा खाली येते. कपाळभर कुंकू, पदराला किल्ल्यांचा जुडगा. वृंदा आणि ती जिन्यात उभ्या राहून कुजबुजतात, आणि मी खाकरलो की गप्प होतात. वृंदाही सारखी वर पळते. कधी वाटी द्यायची असते, कधी मीठ संपलेलं असतं. परत येते तेव्हा डोळे लाल असतात. मिठासाठी कुणी रडत नाही.

काल मी दाराआड उभा होतो. होय, मुद्दाम उभा होतो. ती बाई वृंदाला म्हणाली, "अनेक चेष्टा कोरलाम, खेलो ना." अक्का, आपल्याला बंगाली येत नाही असं आपण उगाच म्हणतो. अर्धी भाषा तर संस्कृतच आहे. अनेक चेष्टा म्हणजे अनेक चेष्टा, त्याला कोश कशाला हवा? पुष्कळ थट्टा केली, आता खेळ म्हणावं. कुणाची थट्टा आणि कुणाचा खेळ? माझी मुलगी मान खाली घालून ते ऐकून घेत होती. तुझ्या मांडीवर वाढलेली मुलगी. मला तिथेच ओरडावंसं वाटलं, पण मी खुर्चीवर येऊन वर्तमानपत्र धरून बसलो. ते उलटं होतं हे नंतर कळलं.

आमच्या उतारूंच्या जागेचे व्यवस्थापक सदाशिवराव भला माणूस. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की तुमचे जावई नि मुलगी पूर्वी इथल्या गणपतीला दहाही दिवस यायची. दोन वर्षं फिरकलेली नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "घरोघरच्या गोष्टी, नानासाहेब, आपण कशाला बोला." म्हणजे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त आपल्याला नाही.

जावयाचा प्रश्न रोज नव्या कपड्यांत येतो. काल म्हणाले, "गंगासागरच्या यात्रेमुळे गाड्यांना फार गर्दी होईल, नाना. आमच्या ऑफिसातून आत्ताच जागा राखून ठेवतो. कुठल्या तारखेची सांगू?" मी म्हटलं, तारीख मलाच ठाऊक नाही, राहावंसं वाटतंय. त्यावर नवराबायकोंनी एकमेकांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मला घालवायची एवढी घाई आहे, तर मी जाणारच नाही. जितके दिवस मी इथे बसेन तितकी त्यांची पंचाईत होईल, आणि पंचाईत झाली की माणूस चुकतो. नाक्यावरही मी हेच करायचो. गाडी उभी करून ठेवायची आणि आपण पान जुळवत बसायचं.

एक सांगायचं राहिलं. काल चहा घेतला. रागावू नकोस, तो मजुमदारांकडून आला होता, तेव्हा मुलीच्या घरचा धरता येणार नाही.

मधली खोली झाडून ठेव. का, ते विचारू नकोस.

तुझा,
दिगंबर


॥ श्री ॥

कलकत्ता,
ता. १२ जानेवारी

ती. अक्कास सा. न.

तुझं कार्ड मिळालं. "मुलीला घेऊन ये. तिथे जेवू नकोस." यापलीकडे तू काही लिहिलं नाहीस, आणि लिहायला हवंही नव्हतं.

आज हावड्याला जाऊन दोन तिकिटं काढली. जावयाला सांगितलं नाही. यात्रेकरूंच्या रांगेत सकाळ गेली. पुढे एक म्हातारी होती, हातात गाडगं. तिने मला विचारलं असावं, की तुम्हीही सागराला का? मी हो म्हटलं. मंगळवारची गाडी आहे. संक्रांत तिच्याकडे होऊ दे, सणाच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी तिला सांगेन, की बांध तुझं सामान.

तिला मी अजून काहीच विचारलेलं नाही. तू म्हणशील, एवढा मोठा नाकेदार आणि मुलीला प्रश्न विचारता येत नाही? नाही येत. ती "तसं काही नाही" म्हणाली तर मी तिला खोटी कशी पाडू? आणि "हो" म्हणाली तर? ती वाळली आहे, अक्का. काल दुपारी तांदूळ निवडता निवडता बसल्या जागी झोपली. झोपेत हात हलत होता, काहीतरी थोपटत असल्यासारखा.

वर एक मूल सारखं रडत असतं. मजुमदारांची चार मुलं मी शाळेत जाताना पाहिली आहेत, सगळी मोठी. मग हे कुणाचं? रडणं सुरू झालं की वृंदाच्या हातातलं काम थांबतं आणि जावई मोठ्याने निवडणुकीच्या गप्पा काढतात. त्या बाईने जावयाचं पोर माझ्या मुलीच्या डोक्यावर आणून ठेवलं आहे, आणि झबली धुते माझी मुलगी.

आता दोन दिवस काढायचे.

दिगंबर


॥ श्री ॥

कलकत्ता,
ता. १६ जानेवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

आज तू स्टेशनावर टांगा पाठवला असशील, तो रिकामा परतला असेल. मी तार करायला हवी होती, पण तारेत काय लिहायचं तेच सुचलं नाही. हे पत्र सावकाश वाच. आधी बसून घे.

संक्रांतीला मी सकाळी नेहमीपेक्षा लवकर गेलो. खिशात तिकिटं, हातात तुझा डबा. वृंदाच्या दारापाशी पोचलो तर वरच्या जिन्यातून एक पोर खाली येत होतं. दोन वर्षांची मुलगी असेल. चालत नव्हती. एकेका पायरीवर बसायची, पाय सोडायची आणि घसरून खालच्या पायरीवर यायची. नाक वाहत होतं, गाल रडून काळे झालेले. मागून मजुमदारबाई "खुकू, खुकू" असं, इथे लहान मुलीला म्हणतात तसं, ओरडत धावत होती. पोर माझ्या पायांजवळून निसटलं, उघड्या दारातून आत गेलं आणि शेगडीपाशी बसलेल्या वृंदाच्या गळ्यात पडलं.

"आई," ती म्हणाली. "आई, घे."

अक्का, इथलं मूल "मा" म्हणतं. त्या घरात वरून खालून दिवसभर "मा, मा" ऐकू येतं. हे पोर "आई" म्हणालं. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो. जावई दाढी करत होते, ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. मी विचारलं, "हे कुणाचं?"

वृंदा म्हणाली, "माझं."

मग सगळं सांगितलं. मजुमदारांच्या गावाकडची माणसं दोन वर्षांपूर्वी पलीकडून, पाकिस्तानातून, आली. त्यांच्यातली एक बाई वाटेतच तापाने गेली, तिची ही मुलगी. बाकीचे निर्वासितांच्या छावणीत निघाले तेव्हा तान्हं पोर मजुमदारबाईच्या हातात देऊन गेले. तिची आपली चार, त्यात सासू अंथरुणाला. वृंदाने एक रात्र मुलगी सांभाळायला घेतली. सकाळी परत दिली नाही. जयप्रकाशने ट्रॅममध्ये पाहिलं ते खरंच होतं. पोर तापाने फणफणलं होतं, वृंदाही आजारी, म्हणून मजुमदारबाई जावयाबरोबर डॉक्टरकडे गेली होती. गणपतीला जाणं सोडलं ते एवढ्यासाठी, की तिथे एका बाईने पोराकडे पाहून "कोणत्या जातीचं?" असं विचारलं.

मी म्हटलं, "मला का कळवलं नाहीस? आणि लपवलंस का? मी काय पोराला खाणार होतो?"

"खाणार नव्हता," वृंदा म्हणाली, "म्हणूनच लपवलं."

मला कळेना. तेव्हा जावई म्हणाले, "नाना, मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, सांगून टाकू. ही ऐकेना. तीन दिवसांचा प्रश्न आहे म्हणाली."

वृंदाने पोराचं नाक पदराने पुसलं आणि माझ्याकडे न बघता बोलली. तिचे शब्द जमतील तसे लिहितो. "नाना, आठ वर्षं तुम्ही माझ्या घरी जेवला नाहीत, त्याचं मला वाईट वाटलं नाही. रीत आहे. मूल नाही म्हणून जेवत नाहीत, एवढंच. पण ही समोर खेळत असती आणि तरीही तुम्ही उठून तुमच्या खानावळीत गेला असता, तर? मग मी काय समजायचं? तुम्ही तोंडाने काही बोलला नसता. तुम्ही नुसते जेवला नसता, आणि तेवढ्याने माझी मुलगी माझी नाही असं ठरलं असतं. त्यापेक्षा तुम्ही तिला न बघता गेलेले बरे, असं वाटलं. तीन दिवस ती वर राहील, म्हटलं. तुम्ही मुक्काम वाढवत गेलात."

म्हणून जावई रोज विचारत होते. म्हणून आग्रह नव्हता. आग्रह केला आणि मी नाही म्हटलं, तर तेच झालं असतं.

मी तरीही हट्टाने विचारलं, "मग ती बाई अनेक चेष्टा म्हणत होती, ती कुणाची?" वृंदा आधी माझ्याकडे बघत राहिली. मग रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "नाना, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि खेलो ना म्हणजे खेळ नव्हे, खाल्लं नाही. पुष्कळ प्रयत्न केला, पण जेवली नाही, असं सांगत होत्या त्या. ही वर कुणाच्या हातून घासच घेत नव्हती. मी चोरून वर जाऊन दूध पाजायचे, तेवढंच."

मी खुर्चीवर बसलो. दुसरं काही करता आलं नाही. मी जावयाची पंचाईत करायला मुक्काम वाढवत होतो, मोठ्या हुशारीने, आणि वर ते पोर आईसाठी रडत उपाशी राहत होतं. त्या घरात न जेवणारे आम्ही दोघेच होतो. मी आपल्या रीतीपायी आणि ती माझ्यापायी. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिची जात मी विचारली नाही. मजुमदारबाईला ठाऊक असेल. जन्मभर लोकांची गाठोडी सोडून पाहिली, हे एक मी न सोडता आत जाऊ दिलं.

मग मी कोट खुंटीला लावला, पाय धुतले आणि म्हटलं, "वृंदा, माझं पान वाढ."

ती हलेना. जावयांनीच पाट मांडला. साबण अजून गालावर होता, तो वाळून पांढरा झाला होता. तिने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या आणि मुगाची खिचडी. पहिल्या घासाला मला ठसका लागला, तर तिने पाण्याचं भांडं पुढे केलं, आणि तिचा हात मध्येच थांबला. मी ते तिच्या हातातून घेऊन प्यालो. तुला आता खरं सांगायला हरकत नाही, ते या घरातलं पहिलं पाणी नव्हतं. आल्या दिवशीच वृंदा वर गेली असताना मी माठातलं भांडंभर पाणी चोरून प्यालो होतो. फार तहान लागली होती. कार्डावर "थेंबसुद्धा नाही" लिहिलं ते खोटं.

पोर समोर बसून माझ्याकडे टक लावून पाहत होतं. मी काही लाडबीड केले नाहीत, मला ते जमत नाहीत. तीच उठून आली, माझ्या पानातला पोळीचा तुकडा उचलला आणि खाल्ला. विचारलंसुद्धा नाही. मजुमदारबाई दारात उभी होती, ती पदराने डोळे पुसून "खेलो, खेलो" म्हणाली. या वेळी मला अर्थ कळला.

तिचं नाव शकुन. तुझे तिळगुळाचे लाडू तिने चोखून चोखून सगळ्या घराला चिकटवले आहेत. तिकिटं जावयांनी परत केली. मुक्काम किती, हे त्यांनी आता विचारलं नाही, तेव्हा मीच विचारलं, की किती दिवस ठेवून घेता? ते म्हणाले, "ते शकुनला विचारा." तिला विचारलं. तिला अजून मोजता येत नाही.

अक्का, तू हे वाचताना ओठ घट्ट मिटून घेतले असशील. मला ठाऊक आहे. मी वचन मोडून आलो, तर मला पंक्तीला घ्यायचं की नाही, ते तू ठरव. मी ओसरीवर जेवेन. पण एक आठवण देतो, मग जे करायचं ते कर. वृंदाची आई गेली तेव्हा वृंदा तीन महिन्यांची होती. ती तुझ्या ओटीत घातली तेव्हा तू पंचविशीची विधवा. नदीवर, देवळात, जिकडे जाशील तिकडे बायका तुला विचारायच्या, "ही तुझी कोण?" भाची म्हणाली असतीस तर खोटं नव्हतं. तू एकदाही तसं म्हणाली नाहीस. तू काय म्हणायचीस ते मी परवा वृंदाच्या तोंडून ऐकलं, त्याच आवाजात. तिला ते कुणी शिकवलं, हे तुला वेगळं सांगायला नको.

तू ये. मी हावड्याला घ्यायला येईन. मुक्काम किती दिवसांचा, ते इथे आल्यावर ठरवता येईल. जेवायचं की नाही, ते मात्र घर सोडण्यापूर्वी ठरवून ये. कारण या वेळी ती समोर असेल.

तुझा भाऊ,
शकुनचा आजोबा,
दिगंबर